आधी पेन्सिल, मग शाई

देवणी-उदगीर भागातला जमिनीचा जुना वाद वकिलाकडे गेला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चौपन्न-पंचावन्नचं खासरा पत्रक काढलं का?" १९५४-५५ चं ते पत्रक म्हणजे मराठवाड्यातल्या हक्कनोंदींचा पाया. त्याआधीचं बरंच दप्तर उर्दूत, आणि ते वाचून देणारे जाणते आता शोधावे लागतात. हा मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्याच्या उदगीर तालुक्यात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी संपली. हक्कनोंदणीचा नियम फसली सन १३५८ चा, म्हणजे त्याच धामधुमीच्या सुमाराचा. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि उदगीर उस्मानाबाद जिल्ह्याला जोडलं गेलं. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला, पुढे उदगीरमधून देवणी तालुका निघाला. एवढ्या उलथापालथीत एकाच शेताची नोंद कधी उर्दूत, कधी मराठीत, कधी पाहणीपत्रकावर तर कधी सातबाऱ्यावर फिरत राहिली, पण तिचा धागा सहसा तुटला नाही.

याचं श्रेय नोंद बदलण्याच्या पद्धतीला द्यायला हवं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्यातलं कलम १५० ही पद्धत सांगतं. खरेदी झाली, वाटणी झाली, खातेदार वारला, तर तलाठी गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद धरतो. तिची प्रत चावडीवर लावतो, संबंधितांना नोटीस बजावतो आणि पंधरा दिवस हरकतीची वाट पाहतो. हरकत आलीच तर प्रकरण तक्रारीच्या नोंदवहीत जातं. नाही आली तर मंडळ अधिकारी कागद तपासून फेरफार प्रमाणित करतो. लिहिणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा. हस्तलिखिताच्या काळात तोवर सातबाऱ्यावर नवं नाव पेन्सिलनं लिहिलेलं असे. मंजुरी मिळाली की त्यावर शाई फिरायची. जुनं नाव खोडायचं नाही, त्याला कंस करायचा. म्हणजे जमीन आधी कुणाची होती ते पन्नास वर्षांनीही वाचता येतं.

सॉफ्टवेअरच्या कंपन्या आज जिला शिस्त म्हणतात तिच्यातलं बरंचसं इथं हजर आहे. बदल आधी बाजूला मांडून ठेवणं, दुसऱ्याच्या नजरेखालून घालणं, ठरावीक मुदत थांबणं, जुनी आवृत्ती न पुसणं. त्यामुळे महसूल खात्यात संगणक आला तेव्हा काम सोपं जायला हवं होतं. झालं उलटंच. खात्याला एकेक नोंद जपून बदलायची सवय होती. सगळ्या नोंदी ज्याच्या पोटात आहेत तो प्रोग्रामच जपून कसा बदलायचा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शिकण्यात तीसेक वर्षं गेली, आणि शिकवणीची बरीच फी तलाठ्यांनी आणि शेतकऱ्यांनी भरली.

१९८८-८९ मध्ये केंद्र सरकारनं भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केला. त्यात महाराष्ट्रातला वर्धा जिल्हा होता. पुढे केंद्राच्याच एनआयसी या संगणक संस्थेनं तयार केलेली एलएमआयएस ही प्रणाली तहसील कार्यालयांत पोचली. प्रत्येक तालुक्याचा संगणक हे स्वतंत्र बेट होतं. प्रोग्रामची प्रत तिथंच, माहितीही तिथंच. खात्याच्या पुण्यातल्या कार्यालयात एखादी चूक दुरुस्त झाली तरी तालुक्या-तालुक्यात ती बसवल्याशिवाय दुरुस्त झाली असं म्हणता येत नसे, आणि तालुके साडेतीनशेच्या घरात. अशा रचनेत नवी आवृत्ती काढणं हा सोहळाच असतो, आणि सोहळे वर्षातून किती करणार?

त्याहून मोठी अडचण म्हणजे खरा सातबारा कुठला, हे ठरलेलं नव्हतं. तलाठ्याच्या दप्तरात हस्तलिखित एक, संगणकात दुसरा. दोघांत फरक पडला तर बँक, कोर्ट आणि गाव हस्तलिखितावरच विश्वास ठेवणार. संगणकातला आकडा चुकला तरी कुणाचं अडत नव्हतं. आणि सरकारी कामात ज्यानं कुणाचं अडत नाही ते दुरुस्त होत नाही.

देवणीहून पूर्वेला सीमा ओलांडली की कमलनगर लागतं, म्हणजे पुन्हा बीदर जिल्हा. तिथं शेतकरी तोच, सोयरिकी त्याच, घरात बोलली जाणारी मराठीही बरीचशी तीच. पण उतारा कर्नाटकाचा. कर्नाटकानं हा पेच २००० च्या आसपास वेगळ्या धाडसानं सोडवला. 'भूमी' प्रकल्पाची धुरा राजीव चावला या सनदी अधिकाऱ्याकडे होती. एका तालुक्याचं संगणकीय दप्तर तयार झालं, खिडकी सुरू झाली, की त्या तालुक्यापुरता हस्तलिखित उतारा बेकायदा ठरवायचा. मग पुढचा तालुका घ्यायचा. अशा रीतीनं १७७ तालुक्यांतल्या सुमारे दोन कोटी नोंदी नव्या व्यवस्थेत आल्या आणि १५ रुपयांत उतारा मिळू लागला. परतीचा रस्ता बंद केला, पण एका वेळी एकाच तालुक्याचा. 'भूमी'वर पुढे टीकाही पुष्कळ झाली, ती बाजूला ठेवली तरी पावलं टाकण्याची ही रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

बाहेरच्या जगातही हे शहाणपण कुणाला जन्मजात आलेलं नव्हतं. आयबीएममध्ये उमेदीची वर्षं घालवलेले वॉट्स हम्फ्री १९८६ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये आले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला सॉफ्टवेअरचं कंत्राट कुणाच्या भरवशावर द्यावं हे कळत नव्हतं. हम्फ्रींनी संस्थांच्या परिपक्वतेच्या पाच पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर सगळं एखाद्या कर्तबगार माणसाच्या जिवावर चालतं. पाचवीवर संस्था स्वतःच्या चुका मोजते आणि त्या मोजमापावरून काम सुधारते. भारतीय कंपन्यांनी या शिडीवर इतकी चढाओढ केली की एके काळी जगातल्या पाचव्या पायरीच्या संस्थांत मोठा वाटा आपलाच होता. प्रमाणपत्रं भिंतीवर लागली. त्यामागं खरं काम होतं, हे मान्य करायला हवं. पण कागदपत्रांचा डोलाराही तेवढाच वाढला आणि नवी आवृत्ती वापरणाऱ्याच्या हातात किती लवकर पोचते, हा प्रश्न मागेच राहिला.

तो प्रश्न २००९ मध्ये चव्हाट्यावर आला. फोटो साठवण्याच्या फ्लिकर या सेवेतले जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी त्या वर्षी जूनमध्ये सॅन होजेच्या एका परिषदेत सांगितलं की आम्ही दिवसाला दहा-दहा वेळा नवी आवृत्ती चालू सेवेत उतरवतो. ऐकणाऱ्यांतल्या अनेकांच्या कंपन्या वर्षातून दोनदा-तीनदा हे काम करत, आणि त्या रात्री कुणी घरी जात नसे. फ्लिकरवाल्यांचं म्हणणं साधं होतं. बदल लहान असेल तर बिघाड कुठं झाला ते लगेच सापडतं. सहा महिन्यांचे बदल एका रात्री उतरवले तर सकाळी बिघाड शोधायचा कुठं? त्याच वर्षी ऑक्टोबरात बेल्जियममधल्या गेन्ट शहरात पॅट्रिक डेब्वा यांनी भरवलेल्या मेळाव्यानं या चळवळीला डेव्हऑप्स हे नाव दिलं. पुढच्या वर्षी जेझ हंबल आणि डेव्हिड फार्ली यांचं या पद्धतीवरचं जाडजूड पुस्तक आलं. नंतर निकोल फोर्सग्रेन यांनी हंबल आणि जीन किम यांच्यासह अनेक वर्षांची सर्वेक्षणं तपासून चार मापं पुढे केली: बदल किती वेळा उतरवता, लिहून झालेला बदल चालू सेवेत पोचायला किती वेळ लागतो, शेकडा किती बदल बिघडतात आणि बिघडलं तर पूर्ववत व्हायला किती वेळ जातो. जे वारंवार उतरवतात त्यांच्याकडेच बिघाड कमी, असं त्यांना आढळलं. वेग वाढला की सुरक्षितता घटते या समजुतीला त्यामुळे तडा गेला.

पण नुसता वेग म्हणजे परिपक्वता नव्हे. त्याचा दाखला १ ऑगस्ट २०१२ चा आहे. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअरदलालीची बडी कंपनी. न्यूयॉर्क शेअर बाजाराची एक नवी योजना त्या दिवशी सुरू होणार म्हणून कंपनीनं आपल्या आठ सर्व्हरांवर नवा प्रोग्राम चढवायला घेतला. एका तंत्रज्ञानं सातांवर चढवला, आठवा राहून गेला. त्या आठव्यावर 'पॉवर पेग' नावाचा जुना प्रोग्राम पडून होता. २००३ पासून तो कुणी वापरला नव्हता, पण काढूनही टाकला नव्हता. नव्या प्रोग्रामनं जी खूण वापरली होती, तीच जुना प्रोग्राम जागा करणारी खूण निघाली. बाजार उघडण्याआधी आतल्या यंत्रणेनं ९७ ई-मेल पाठवले होते. ते इशारे आहेत असं कुणी धरलंच नाही. बाजार उघडला आणि आठवा सर्व्हर थांबल्याविना खरेदी-विक्री करत सुटला. घाबरलेल्या माणसांनी दोष नव्या प्रोग्रामचा मानला आणि तो बरोबर चाललेल्या सात सर्व्हरांवरूनही काढून टाकला. मग जुना प्रोग्राम आठही ठिकाणी जागा झाला. पाऊण तासात ४० लाख सौदे झाले आणि ४६ कोटी डॉलरांहून अधिक बुडाले. पुढच्या वर्षी ही कंपनी दुसरीत विलीन झाली.

अमेरिकेच्या रोखे आयोगानं २०१३ मध्ये चौकशीअंती कंपनीला १ कोटी २० लाख डॉलरांचा दंड केला. आदेशात एक वाक्य आपल्या तहसीलात बसून वाचण्यासारखं आहे: तंत्रज्ञानाचं काम दुसऱ्या तंत्रज्ञानं तपासलं नव्हतं आणि तसं तपासावं असा लेखी नियमही नव्हता. न्यूयॉर्कच्या बाजारात अब्जावधींचा व्यवहार सांभाळणाऱ्या कंपनीकडे तलाठी आणि मंडळ अधिकारी यांच्यातला फरक नव्हता!

आता पुन्हा आपल्याकडे. गेल्या दशकात एलएमआयएसची तालुक्यातालुक्यांतली बेटं सोडून महाराष्ट्र ई-फेरफार या ऑनलाइन प्रणालीकडे वळला. माहिती मध्यवर्ती सर्व्हरवर आली आणि देवणीचा तलाठी नि देवरुखचा तलाठी एकाच प्रणालीत काम करू लागले. चूक एकदा दुरुस्त केली की राज्यभर दुरुस्त. याची दुसरी बाजू अशी की चूक एकदा केली की ती राज्यभर. आणि सर्व्हर मंदावला की सगळेच ताटकळत. त्या काळात कुठल्याही सज्जात गेलं तर तलाठी सांगे की दिवसा काही होत नाही, रात्री गर्दी कमी झाली की बसतो. डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल लावून मध्यरात्री फेरफार ओढणारा माणूस हे त्या वर्षांतलं खरं चित्र. खात्याच्या बैठकांत त्याला प्रगती म्हणत. तलाठ्यांच्या संघटना सर्व्हरची गती आणि लॅपटॉप यांवरून पुन्हा पुन्हा भांडत होत्या, आणि त्यांचं चुकत नव्हतं. यंत्रणा किती भार पेलेल हे आधी अजमावायचं असतं. इथं ते तलाठ्याच्या झोपेवर अजमावलं गेलं.

याच प्रकल्पात खात्यानं दोन गोष्टी मात्र पक्क्या केल्या, आणि मला त्या सगळ्या कहाणीतल्या सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे २०१७ चं चावडी वाचन. संगणकातले सातबारे छापून गावात वाचून दाखवायचे, खातेदारानं आपला ऐकायचा, चूक सांगायची, तलाठ्यानं ती टिपून री-एडिट मॉड्यूलमध्ये दुरुस्त करायची. राज्यात अडीच कोटींहून अधिक सातबारे. ज्यांच्या मालकीची माहिती आहे त्यांनाच तपासायला बसवायचं, ही कल्पना कुठल्या परदेशी पुस्तकातून घ्यावी लागली नाही. चावडी होती, दवंडी होती. गावात दहा माणसं बसली असताना "तुमच्या गटाला आठ आर कमी लागलेत" हे जाहीर कळलं की पुढचा पाठपुरावा खातेदारच करतो.

दुसरी गोष्ट यंत्रानं करायच्या तपासणीची. प्रणालीनं ओडीसी नावाचे अहवाल काढायला सुरुवात केली. त्यांतला एक समजायला सोपा आहे. समजा, एका गटाचं क्षेत्र २ हेक्टर ४० आर. त्यात चार भावांची नावं, प्रत्येकासमोर त्याचं क्षेत्र. चौघांची बेरीज २ हेक्टर ४० आर यायला हवी. ती २ हेक्टर ४८ आर आली तर कुठंतरी पोटखराबा दोनदा धरलाय, कुणाची वाटणी झाल्यावर जुनं क्षेत्र तसंच राहिलंय किंवा साधी लिहिण्याची चूक आहे. हस्तलिखितात ही बेरीज कुणी करत नसे. ज्याच्यावर भांडण नाही तो सातबारा वर्षानुवर्षं चुकीचा राहू शके. यंत्रानं सगळ्यांच्या बेरजा करून विसंगत सातबाऱ्यांची यादी तलाठ्यासमोर टाकली, आणि ती यादी कमी होत जाणं हे मोजता येऊ लागलं. पाचव्या पायरीची ही सुरुवात, भिंतीवर प्रमाणपत्र न लावता झालेली.

माहिती एवढी घासूनपुसून झाल्यावर १ मे २०१८ ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. तो १५ रुपयांत घरबसल्या मिळतो आणि सरकारी कामाला चालतो. खरा सातबारा कुठला या जुन्या प्रश्नाचं उत्तर अखेर मिळालं. नव्या उताऱ्यावर प्रलंबित फेरफाराची ओळ वेगळी छापलेली असते. आपली चावडी या संकेतस्थळावर फेरफाराची नोटीस मुंबई-पुण्यात राहणाऱ्या भावालाही वाचता येते. एक दार मात्र अरुंद झालं. सातबारा एकदा कुलूपबंद झाला की त्यातली लेखनचूक तलाठी सहज दुरुस्त करू शकत नाही. कलम १५५ खाली तहसीलदाराचा आदेश लागतो. सुरक्षिततेच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. ज्याचे आठ आर संगणकानं गिळले, त्याला तहसीलच्या फेऱ्या माराव्या लागतात, हेही तितकंच खरं.

मग आली ई-पीक पाहणी, आणि इथं ही कहाणी देवणीच्या बांधावर पोचते. सातबाऱ्यातला बारा म्हणजे पिकांची नोंद. ती तलाठ्यानं हंगामात शेतोशेत फिरून करायची. एका तलाठ्याकडे अनेक गावं, त्यामुळे ती कशी होत असे हे गावाला माहीत होतं: मागल्या वर्षीचं पाहून. शेतकऱ्यानं स्वतःच मोबाइलवर पिकाचा फोटो काढून नोंद करावी, अशी ही योजना. टाटा ट्रस्ट्सच्या मदतीनं मोजक्या तालुक्यांत ती आधी चालवून पाहिली होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती एकदम सगळ्या राज्यात सुरू झाली.

त्या पावसाळ्यात असा संवाद इकडच्या कुठल्याही बांधावर ऐकू येई. पुतण्या फोन उंच धरून उभा, चुलता गुडघ्याएवढ्या सोयाबीनमध्ये.

"झालं का रं?"

"कुठलं, तात्या. नुसतं फिरायलंय."

"मघापासून फिरायलंय म्हणतूस. फोटू निघाला न्हवं?"

"फोटू निघलाय की. वर जाईना झालाय. पलीकडच्या बांधावर जाऊन बघू, तिथं रेंज येतीया."

"आरं, मग फोटूत रान लोकाचं यील!"

तात्यांची शंका रास्त होती; तिचं उत्तर पुढच्या आवृत्त्यांत सापडतं. पहिल्या वर्षी ॲप अडकणं, सर्व्हर मंदावणं, ओटीपी न येणं यांच्या तक्रारी राज्यभरातून आल्या आणि मुदत वाढवावी लागली. काही तालुक्यांत नीट चाललं म्हणून सगळ्या राज्याचा भार पेलेल असं नसतं. देवणीत नवा गोऱ्हा आधी जाणत्या बैलाच्या जोडीला, रिकाम्या औताला जुंपतात. पहिल्याच दिवशी तिफणीला नाही. इथं तिफण आणि पेरणीची घाई दोन्ही पहिल्याच दिवशी होती.

१ ऑगस्ट २०२२ ला दुसरी आवृत्ती आली, आणि तिच्याकडे पाहिलं की कुणीतरी वर्षभर तक्रारी वाचल्या होत्या हे कळतं. प्रत्येक गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश ॲपमध्ये घातले. फोटो गटापासून लांब काढला तर तसा इशारा मिळू लागला. मिश्र पिकात मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिकं लिहिता येऊ लागली. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी टाकणाऱ्या लातूर जिल्ह्याला ते सोयीचं झालं. शेतकऱ्याचं स्वयंघोषणापत्र ग्राह्य धरायचं आणि तलाठ्यानं फक्त १० टक्के नोंदी तपासायच्या, असं ठरलं. चुकून सोयाबीनऐवजी मूग लिहिला गेला तर ४८ तासांत एकदा शेतकऱ्यालाच दुरुस्त करता येतं. हा नियम छोटा दिसतो, पण अख्ख्या महसूल दप्तरात चूक करणाऱ्याला स्वतःची चूक अर्जाविना मागं घेता येते अशी जागा आधी कुठं होती, हे आठवून पाहावं. फोर्सग्रेनबाईंच्या चार मापांतलं चौथं, पूर्ववत होण्याचं, इथं शेतकऱ्याच्याच हातात आलं.

घसरण झाली ती दुसरीकडे. प्रणाली अजून रांगती असताना तिच्यावर पैशाचे निर्णय टांगले गेले. २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन आणि कापसासाठी सरकारनं हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अशी मदत जाहीर केली. अट होती ई-पीक पाहणीत नोंद असण्याची. ज्यांच्या रानात सोयाबीन उभं होतं पण ॲपमध्ये नव्हतं असे शेतकरी पुष्कळ निघाले. अखेर २०२४ मध्ये अट सैल करून सातबाऱ्यावरची नोंदही धरावी लागली. लातूर जिल्ह्याचा खरीप म्हणजे बहुतांश सोयाबीनच, त्यामुळे इथं त्या अटीची झळ नेमकी कुणाला लागली असती हे सांगायला नको. सॉफ्टवेअरची आवृत्ती मागं घेता येते. हुकलेलं अनुदान आंदोलनाशिवाय परत मिळत नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात दोन घटना महिनाभराच्या आत घडल्या. १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीनं आपल्या प्रणालीसाठी एक छोटी फाइल पाठवली, सगळ्या ग्राहकांना एकदम. तिच्यात दोष होता. जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले. विमानं खोळंबली, इस्पितळं अडली. हैदराबादच्या विमानतळावर इंडिगोनं हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले आणि त्यांचे फोटो देशभर फिरले. त्या कंपनीत प्रोग्रामच्या नव्या आवृत्त्या टप्प्याटप्प्यानं देण्याची सोय होती, पण या प्रकारच्या फाइलींना तो नियम लावलेला नव्हता. लहान बदलाला कशाला एवढा सोपस्कार, असा हिशेब. अपघातानंतर या फाइलीही टप्प्याटप्प्यानं पाठवायचं कंपनीनं मान्य केलं.

त्याच खरिपात महाराष्ट्रात केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेचं नवं ॲप यायचं होतं. या वेळी ते सगळ्या राज्याला दिलं नाही. प्रत्येक जिल्ह्यातून एक याप्रमाणे ३४ तालुके निवडले. बाकीच्यांनी जुन्याच ॲपवर नोंदी करायच्या. कोकणातलं भात, खानदेशातला कापूस, लातूरचं सोयाबीन, डोंगराळ आणि सपाट, रेंजचं आणि बिनरेंजचं, असं सगळं त्या चौतीसांत थोडंथोडं आलं. बिघडलं तर एका तालुक्यात बिघडेल, शेजारच्या तालुक्याची नोंद चालू राहील. रब्बीत, १ डिसेंबर २०२४ पासून, ते राज्यभर लागू झालं: फोटो गटापासून ५० मीटरच्या आत काढायचा, आणि ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी गावात सहायक. तीन वर्षांपूर्वी लोकाच्या रानाची चिंता करणाऱ्या तात्यांना इथं उत्तर मिळालं, आणि रेंज नसलेल्या पुतण्याला सहायक. केंद्राच्या सूचनांचा भाग त्यात किती आणि २०२१ च्या ठेचेचा किती, याची वाटणी करायची गरज नाही. जिथं सुरक्षा विकणारी कंपनी जुलैत चुकली, तिथं खात्यानं ऑगस्टात चूक केली नाही, एवढं तर नक्की लिहिता येतं.

सवय मुरते आहे असं म्हणायला आणखी एक आधार आहे. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्याची जिवंत सातबारा मोहीम १ मार्च २०२५ ला आधी फक्त बुलढाणा जिल्ह्यात सुरू झाली आणि १ एप्रिलपासून राज्यभर. मध्ये एकच महिना. वारसाचा दाखला, मृत्यूची नोंद, भावकीतली हरकत हे सगळं महिन्यात पुरतं उलगडत नाही. फेरफाराच्या नोटिशीचेच पंधरा दिवस त्यातून वजा होतात. बुलढाण्यात काय अडलं आणि त्यातलं काय बदलून मोहीम पुढं पाठवली, हे देवणीच्या तलाठ्याला (२०२४ पासून त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) परिपत्रकातून कळायचं की शेजारच्या सज्जातल्या सहकाऱ्याच्या फोनवरून, यावर पुढच्या आवृत्तीची गत ठरेल. सध्या तरी फोन आधी येतो.